वाऱ्याची बाजू

एप्रिलात कोदाळच्या डोंगरावर
काजूचे बोंडू पिकून पडतात
आणि रानडुकरं रात्रीची उतरतात, पिलांसकट,
जणू घरोघरी आमंत्रण गेलंय.
लुमाजी म्हणाला, आज मांगरापाशी बसतो.
परवान्याची बंदूक पुसली. चहा अर्धाच प्यायला.

मी म्हटलं, आधी पाय इकडे कर.

पँटचे पाय मोज्यांत कोंबले,
वरून केळीच्या सोपटाची दोरी, दोन वेढे.
सदरा पांढरा काढून दिला, दिराच्या लग्नातला,
पांढऱ्यावर गोचीड चालताना दिसते.
"मग डुकराला मीही दिसेन."
डुकराचे डोळे अधू आणि नाक शहाणं,
हे मला शिकवलं कोणी?

म्हणूनच तर तो तेलाला नको म्हणत होता.
आरोग्य केंद्रातली कुंदा दर साली बाटली देऊन जाते:
घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, हातांना, मानेला,
पाचोळ्यावर बसू नका, झाडाला टेकू नका.
"हा वास पार नदीपर्यंत जातो, गे.
वारा फिरला तर डुक्कर सोड, मुंगूसही येणार नाही."

मी काही बोलले नाही.
मागल्या शिगम्यात फणसाखाली एक माकड पडलं होतं,
मग दुसरं, चिरेखाणीच्या वाटेवर.
मग आपीमावशी, सकाळी बोंडू वेचून आलेली,
संध्याकाळी गोधडीखाली दात वाजत होते.
वाळपईहून बांबोळीला नेली.
तिची पाटी माझ्याकडे आहे अजून.
मी तिच्यात काही भरत नाही.

लुमाजीनेच मान पुढे केली.
कानामागे लावलं, मनगटांना लावलं,
कमरेच्या पट्ट्याखाली, जिथे तो लाजतो
बावीस वर्षं झाली तरी.
थोडं जास्तच लावलं.
ते मात्र कुणाला सांगू नका.

पहाटे आला. हात रिकामे.
"डास कानाशी येऊन नुसते बोलून गेले,
बसला एकही नाही.
दरवेळी गालावर थाप मारतो आणि रान जागं होतं,
काल एकदाही मारावी लागली नाही."
मग जरा थांबून,
"मोठी मादी होती. ओढ्यापलीकडे उभी राहिली,
नाक वर केलं, फुस् केलं,
पिलांना घेऊन गेली माघारी."
हे माझ्याकडे बघत सांगत होता.
मी चुलीत लाकूड सारलं.

तसाच आत घेतला नाही.
अंगणातच कपडे उतरवले, उकळत्या पाण्यात टाकले.
मग बॅटरी घेऊन मीच पारधीला निघाले:
गुडघ्यांच्या मागे, काखांत, केसांत बोटं घालून,
पायाच्या बोटांमधल्या खाचा.
काही नाही. गुदगुल्या होतात म्हणाला.
कैऱ्या कुत्र्याच्या कानांतून मात्र सात निघाल्या,
फुगून तुरीच्या दाण्याएवढ्या.
एकेक रॉकेलच्या डबीत.

दुपारी वेणी घालताना बोटाला लागली,
माझ्याच मानेवर, केसांच्या मुळाशी,
तिळाएवढी.
सगळं तेल त्याला लावलं होतं मी.

चिमट्याने कातडीलगत धरली,
पीळ न देता सरळ ओढली, चिरडली नाही,
साबणाने धुतलं, दोनदा.
लुमाजीला सांगितलं नाही,
त्याला सध्या डुकराचं दुःख पुरेसं आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करते,
दुधाच्या हिशेबाशेजारी, बारीक.
आठ दिवस लक्ष ठेवायचं, कुंदा म्हणते.
सोमवार गेला. मंगळवार गेला.
आज दोनदा कपाळाला हात लावून पाहिला, गरम लागलं.
पण चुलीपाशी बसले होते.
म्हणून तिसऱ्यांदा
अंगणात जाऊन, वाऱ्यात उभी राहून.