चार सीड्या

एकच अल्बम, चार सीड्या, दिवाणावर मांडून ठेवल्यात:
जपानी, जर्मन, शहाण्णव सालची,
आणि कॅम्पातल्या आग्नेलनं परवा दिलेली नवी.
"जुनं काय ऐकूलास मर्दा? खरखर नाही बघ हिच्यात."

खरखर नाही, खरंय.
धुऊन वर इस्त्री फिरवलीय:
ड्रम, गिटार, गाणारा
सगळे एकाच उंचीचे, प्रार्थनेच्या रांगेतले.

पण माझं काय घेऊन बसलात.
वडगावात एकतीस वर्षं यंत्रमाग चालवला,
वरचे सूर त्यानं पगारातून कापून घेतले.
झांजेचं टोक आता नुसतं आठवतं.

म्हणून शेजारची शिवलीला बोलावली.
हेडफोन तिच्या वेणीवरून घसरतो.
नवी लावली: "जोरात आहे."
जपानी: "बरी आहे की."
जर्मन लावली तर गाणं सुरू व्हायच्या आधीच
तिनं बोट वर केलं.
"उसिरु," म्हणाली, मग मराठी शोधत,
"कोणतरी श्वास घेतलंय हितं, काका."

मी तीनदा लावली.
डोळे मिटून, पंखा बंद करून.
काही नाही.

पाकिटावर तिनंच कन्नडात लिहून ठेवलंय.
तेवढं मला वाचता येतं.

आग्नेल विचारूलाय, नवी परत का दिलीस.