दोन दात कमी

त्सिउरीची ओपेल तिसऱ्यांदा बंद पडली
तेव्हा मीही तिसऱ्यांदा ठोकून दिलं:
"पेट्रोलमध्ये पाणी असेल."

सुरामीला ती मनुकांचा गोड पाव करते.
पहाटे भट्टीच्या भिंतीला थापते,
चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर निजवते
आणि घाटाच्या तोंडाशी नेऊन विकते.
निघताना गाडी गुणाची.
अर्धा तास धावली, तापली, की
बोलता बोलता कुणी उठून जावं
तशी गप्प.
पाऊण तास थांबा, बॉनेट उघडा, शिव्या द्या,
चावी फिरवा,
जणू काही झालंच नव्हतं.

फेब्रुवारीत मी तिचा पंप बदलला.
एकशे ऐंशी लारी.
चोर सोडून संन्याशाला फाशी.
आणि तो संन्यासी अजून माझ्या फळीवर बसलाय,
धडधाकट.

संगणक जोडून पाहिला. म्हणाला, दोष नाही.
त्याचं काय चुकलं?
त्याला मी थंड गाडी दाखवली होती.

म्हणून आज तिच्या शेजारी बसून घाटात गेलो,
पायाशी पाण्याची बाटली.
बोगद्याच्या अलीकडे गाडी गेली. अगदी वेळेवर.
"मार स्टार्टर," म्हणालो,
आणि इंजिनाकडे नाही, काट्याकडे पाहिलं.
आत सगळं गरगरतंय
आणि फेऱ्यांचा काटा शून्याला चिकटून.
म्हणजे फिरतंय, हे वर कुणी कळवतच नाहीये.
गाडीखाली सरपटलो,
बाटली उपडी केली त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यावर.
"आता मार."
सुरू.
त्सिउरी हसली नाही.
"मग पंप?" म्हणाली.
तेवढ्यात मागून ट्रकचा हॉर्न आला. नशीब माझं.

क्रँक सेन्सर.
समोरून फिरणाऱ्या चाकाचे दात मोजायचे,
एवढंच त्याचं काम.
जागा साठांची, दात अठ्ठावन्न,
दोन कारखान्यातच गाळलेले, मुद्दाम.
ती फट समोरून गेली की इंजिनाला कळतं
आपण कुठे आहोत, ठिणगी कधी टाकायची.
हे बेसिकला समजावत होतो
तर पोरगं माझ्या तोंडाकडेच बघत बसलं:
"उस्ताद, तुमचेही दोन नाहीत."
दहाचा पाना दे म्हटलं.

बोल्ट एकच. पण एकोणीस वर्षांचा.
तेल, चहा, हातोडी, पुन्हा तेल.
संध्याकाळी सुटला.

मीटर लावला: आठशे साठ.
निर्दोष, साळसूद, आठशे साठ.
"पुन्हा पंपासारखंच?" त्सिउरी म्हणाली,
माझ्या हातातून सेन्सर घेतला,
चिमट्यात धरला आणि भट्टीच्या तोंडाशी नेला.
वायरी लांबवत मी मागे मागे.
नऊशे. हजार. हजार ऐंशी.
मग आकडाच गेला.
आत केसाहून बारीक तार, कुठेतरी तुटलेली,
टोकाला टोक टेकवून उभी,
ऊब लागली की हात सोडणारी.
तिने बाहेर काढला, फुंकर घातली, पावावर घालते तशी.
आठशे साठ.
"माझ्या नवऱ्यासारखाय," म्हणाली. "सकाळी शहाणा."

नवा कुताइसीहून आला, पंचेचाळीस लारींचा.
रबरी कड्याला तेलाचं बोट लावलं,
वायर धुराच्या नळीपासून लांब बांधली,
खटका बसल्याचा आवाज दोनदा ऐकला.
मग वहीत लिहिलं: पंचेचाळीस.
त्याच्याखाली, जरा बारीक अक्षरात:
वजा एकशे ऐंशी.
तिने वाचलं. वही मिटून परत दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी फोनपाशीच होतो.
वाजला नाही.

संध्याकाळी पाहतो तर फळीवर, पंपाशेजारी,
चादरीच्या तुकड्यात एक पाव.
तो मी आणि बेसिकने उभ्या उभ्या संपवला.
पंपाचं काय करायचं
ते मात्र अजून ठरत नाहीये.