गाडीचं नाक

ठोंबरे ग्रामसेवकांची पांढरी गाडी,
सीटांवरचं प्लास्टिक अजून न निघालेली,
पोळ्याच्या दुपारी पिंपळखुट्याच्या नाल्यात बंद पडली.

मी गॅरेजच्या दाराशी पळसाच्या डहाळ्या ठेवत होतो
तेव्हा फोन आला.
विचारलं, पुन्हा चावी मारली का?
पलीकडून नुसता पाण्याचा आवाज.
मग, दोनदा.
मग थोडं थांबून, तीनदा.

गेलो तर पाणी हेडलाइटच्या वर,
आणि काठावर बैल.
धुतलेले, हिंगुळ लावलेले, शिंगांना बेगड,
कोणी म्हणालं, दोन जोड्या लावा, निघते गाडी.
नानाजी राऊत उठले, धोतर झटकलं,
"आज नाई. काल खांद्याले लोनी-हयद चोयली,
आज जेवाचं आवतन हाये त्यायले.
आज जू नाई."
ट्रॅक्टर होता एक गावात,
पण त्याचा ड्रायव्हर सकाळपासूनच पोळ्यात होता.

मग आम्हीच उतरलो. नऊ माणसं, दहावे ठोंबरे,
पँट गुडघ्यावर, बूट हातात,
बूट कुठे ठेवावे ते सुचेना म्हणून एकाच हातानं ढकलत.
हाऽ म्हटलं की गाडी वीतभर पुढे,
श्वास घेतला की चार बोटं मागे.
बैल पाहत होते.
वर्षातून एक दिवस.

त्यातच राऊतांचा पवळ्या दावं तोडून पाण्यात शिरला,
आमच्या बाजूनं, सावकाश,
झूल तरंगते आहे, पोट दिसत नाही,
पण नाक वर. नाकपुड्या आभाळाला लावलेल्या.
त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

गाडीचं नाक डाव्या दिव्याच्या मागे असतं,
मनगटाएवढं भोक, खाली तोंड केलेलं.
ज्यानं ते तिथे ठेवलं त्यानं नाला पाहिला नसेल,
किंवा पाहिला असेल, पुलावरून.
इथल्या पुलाचा ठराव तीन वर्षं झाली.
खाली सही ठोंबऱ्यांचीच.

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं.
फिल्टर ओल्या पापडासारखा,
त्याच्या घडीत एक झिंगा, जिवंत.
तो ग्लासात टाकला.
चारी प्लग काढून चावी फिरवली
तर पाणी माझ्या बनियनवर, छतावर,
भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीवर.
ठोंबरे हसले. त्यांना वाटलं, झालं.

मी तार घातली एकेका भोकात.
पहिला, दुसरा, चौथा बरोबर वर येत होते.
तिसरा ज्वारीच्या दाण्याइतका खाली थांबत होता.
दाण्याइतकाच.

हवा दाबली की दबते, साहेब,
तिला सवय आहे, त्यावरच तर चालतं इंजिन.
पाणी दबत नाही.
तुम्ही चावी मारली, पिस्टन वर आला,
पाण्यानं जागा दिली नाही,
मग मधली दांडी वाकली.
कोणाला तरी वाकावंच लागतं.

"पण बंद तर ती आधीच पडली होती न?"
हो. ते तिचं शहाणपण होतं.
तिथेच सोडून घरी गेले असते
तर फिल्टर वाळवून दिला असता, तीनशे रुपयांत.

ते बोलले नाहीत. खर्च विचारला नाही.
झिंग्याच्या ग्लासाकडे पाहत बसले.

बाहेर तान्हा पोळा निघाला होता.
दुकानासमोरच्या डबक्याशी एक पोरगं आलं,
चाकांचा लाकडी बैल ओढत,
बैलाच्या गळ्यात बिस्किटांची माळ.
डबक्यापाशी थांबलं. खोली पाहिली.
बैल उचलून काखेत घातला
आणि पाय भिजवत पलीकडून दारात आलं.
"काका, बोजारा."

माझ्या हाताला ऑइल.
ठोंबऱ्यांनी पाकीट काढलं,
दहाची नोट दुसऱ्या नोटेला चिकटलेली,
ती सोडवत राहिले
नखानं, हळूहळू, फाटू नये म्हणून.