बाजूमागे दहा डॉलर

तबकडीच्या एका बाजूचे दहा डॉलर,
आणि दुपारी एक पॅटी, गरम निघाली तर नशीब.
टेनंटसाहेब नोटा मोजताना थुंकी लावायचे,
माझी पहिली कमाई त्यामुळे ओलसरच आठवते.

बास-गिटार चर्चची. चार तारा,
त्यातली जाड पियानोतून उपटलेली.
किंग्स्टनच्या त्या पत्र्याखालच्या खोलीत
इतकं उकडायचं की कुणाला घाई करवेना.
पंखा बंद. माइकमध्ये घरघर येते म्हणून.
पुढे विलायतेत कुणीतरी लिहिलं,
हा संथपणा म्हणजे आमचं तत्त्वज्ञान.

ड्रमवर सेबर्ट. पहिल्या मात्रेला
हात उचलून धरायचा, आणि ठेवायचाच नाही.
सगळी दुनिया समेवर येते,
आम्ही नेमके तिथून उठून जायचो.
नव्या पोरांना मी सांगायचो,
दारात कुणीतरी उभं आहे असं समज,
आत बोलावू नकोस,
दारही लावू नकोस.

एकाहत्तर सालचा एक गुरुवार.
एव्हाडनीला कळा सुरू झालेल्या.
मी नऊ सुरांची ओळ वाजवली,
खरं तर आठच; नववा चुकून पडला,
घड्याळाकडे बघताना.
पुन्हा घ्यायचं तर टेप महाग.
धावत हॉस्पिटलात पोचलो तोवर
मुलगी जगात येऊन झोपलीसुद्धा होती.

त्या ओळीवर पुढे त्रेचाळीस जण गायले.
कुणी देवासाठी, कुणी शेजारणीसाठी,
एक जण साबणासाठी.
प्रत्येक तबकडीवर गाणाऱ्याचं नाव,
टेनंटसाहेबांचं दोनदा.
माझं विचारायला गेलो तर वाटाण्याच्या अक्षता:
"लॅसेल्स, लेबल केवढंसं असतं रे!"

मग फरशा बसवल्या, सतरा वर्षं.
गुडघे गेले, बोटं राहिली.

मध्ये एकदा जर्मनीला नेलं कुणीतरी.
बर्फ पाहिला. एका पिवळ्या केसांच्या पोरानं
तीच तबकडी पुढ्यात धरली, सही मागितली.
मी गाणाऱ्याचं नाव लिहून दिलं.
उगाच कशाला त्याचा विरस.

एव्हाडनीला जाऊन सहा वर्षं झाली.
ती भांडी घासताना ती ओळ गुणगुणायची
आणि नवव्या सुरावर दर वेळी हसायची.
म्हणायची, हा सूर पोरीचा आहे, तुझा नाही.

परवा पेन्शनच्या कचेरीत फोन लावला.
कृपया थांबा, म्हणाले,
आणि थांबवलेल्या माणसांसाठी जे वाजवतात
ते वाजू लागलं.
पत्र्याच्या डब्यातून यावं तसं. पण माझंच.
आठ सूर. मग तो.
वीस मिनिटं कानाला धरून बसलो,
चहावर साय धरली.

शेवटी बाई आल्या. नाव सांगा, म्हणाल्या.
मी म्हटलं, सांगतो,
आधी जरा पुन्हा थांबवून ठेवा मला.