ओहोटीचं वेळापत्रक

दोसिंदा, दार उघड. सहा वाजून दहाला ओहोटी आहे.
कशी आहेस, असं विचारणार नाही.
परवा विचारलं तर 'बरी' म्हणालीस
आणि बटाटा सोलता सोलता
अर्धा बटाटा सालींबरोबर गेला.

आरौसाच्या खाडीत तीस वर्षं
आपण शेजारी शेजारी वाकलो.
तुझ्या दाताळ्याचा आवाज मी डोळे मिटून ओळखते.
ऑक्टोबरपासून तो एकाच जागी खरवडतोय,
जिथे तिसऱ्या नाहीत, नेमका तिथेच.

तू म्हणतेस, वय.
तुझ्या आईलाही वयच झालं होतं.
मागच्या खोलीत तिचा पलंग हलवला
आणि घरभर सगळे पाय न वाजवता चालू लागले.
गुडघ्यांचंही वयच होतं की!
त्यांच्यासाठी पोन्तेवेद्राला गेलीस,
दोन बस बदलून.

पाळी थांबली तेव्हा किती हसलो आपण.
उरलेले पॅड माझ्या सुनेला देऊन टाकलेस.
मग त्या वाफा.
डिसेंबरात, कमरेइतक्या पाण्यात,
रबरी पोशाखाच्या आत तू भाजत होतीस
आणि मी ओरडले, ही बघा पोहणारी चूल!
तेव्हाही हसलीस.
त्यानंतर कुठल्या दिवशी थांबलीस
ते माझ्या ध्यानात आलं नाही.
तीस वर्षं शेजारी, आणि ध्यानात आलं नाही.

एक सांगायचं राहिलं.
मागल्या वर्षी मीही गेले होते, त्या नव्या डॉक्टरणीकडे.
पोरगेलीशी आहे, पण मधे बोलत नाही.
ही बघ, कमरेवर पट्टी.
बुधवारी बदलायची, रविवारी बदलायची.
सकाळी एक पांढरी गोळी.
पहिला महिनाभर नुसतं तोंड कोरडं.
शिव्या घातल्या तिला.
मग एका सकाळी कॉफीचा वास आला.
एवढंच. वास आला.
किती दिवस येत नव्हता, ते तेव्हा कळलं.

सगळ्यांना लागू पडतं असं नाही, म्हणाली ती.
मग दुसरं बघू, म्हणाली.
'बघू' हा शब्द मी घरी घेऊन आले.

मापात न बसणारी शिंपली
आपण परत चिखलात ठेवतो,
तिच्यावर रागावतो का?
आजचा दिवस भरला नाही मापात
तर ठेवू परत.

गुरुवारी अकराची वेळ घेतलीय, तुझ्या नावाने.
बाहेरच्या बाकावर मी बसेन, विणकाम घेऊन.

आलीस.
केस राहू देत तसेच.
बूट घाल.
डावा आधी.