मुकी जागा

आमच्या कॉलेजच्या कोर्टावर तीन जागा मुक्या आहेत.
एक डाव्या रिंगखाली, परातीएवढी.
एक मधल्या गोलाच्या कडेला.
तिसरी कुठे ते मी कागदावर लिहीत नाही,
पुढच्या वर्षीही मॅचेस आहेत.
तिथं टप्पा पडला की बॉल परत येत नाही,
गाळात म्हैस बसावी तसा बसतो.
खंडारे सर म्हणायचे, दुरुस्तीचा प्रस्ताव गेला आहे.
गेलाच आहे तो.

माझा नंबर चौदा. उंची पाच फूट पाच.
सीझनभर काम : गुणांची वही, पाण्याची कॅन,
आणि पहाटे साडेपाचला चुन्याच्या रेषा.
रिंगला जाळी नव्हती. दारोकरनं मोर्शीच्या मंडीतून
संत्र्याची गोणी आणली, लाल, जाळीदार,
बूड कापून सुतळीनं बांधली.
पहिल्याच दिवशी बॉल तिच्यात अडकला
आणि लखन मरस्कोल्हेनं, सहा फूट दोन,
टाचा उचलून तो तोडला,
देठासकट तोडावा तसा.

पहिली मॅच : बावीस विरुद्ध त्रेसष्ट.
बावीसमधले चौदा लखनचे.
दुसरी : समोरच्यांची गाडी तिवशाजवळ बंद पडली.
आम्ही नुसते उभे राहून जिंकलो,
सरांनी तरी पोहे सांगितले.

तिसरी घरच्या कोर्टावर.
त्यांचे बूट सगळ्यांचे सारखे,
आणि स्प्रेचा डबा, दुखलं की फुस्स.
नौशाद त्यांना अंगानं रेटत, वासरं हाकावी तसा,
बरोबर मुक्या जागेवर न्यायचा.
त्यांचा कॅप्टन जोरात आला
आणि त्याचा तळवा
बॉलची वाट पाहत हवेत राहिला.
"काऊन बे, उसळत काऊन नाही हा?"
एक्कावन्न–अठ्ठेचाळीस. लखन अठ्ठावीस.
त्या रात्री सुगत मेश्राम बॉल उशाला घेऊन झोपला,
सकाळी गालावर शिवण उमटलेली.

मग अमरावती. मोठा हॉल, खाली लाकूड,
पॉलिशमधून आमचेच पाय आमच्याकडं बघत होते.
लखन आला नव्हता.
त्याच सकाळी गडचिरोलीला त्याची पोलीस भरती,
सोळाशे मीटर.
त्याला कुणी काही बोललं नाही. बोलणार काय.

तिथं बॉल कुठंही टाका, परत येत होता.
कुठंही.
आणि नौशाद, समोर सगळं मोकळं असताना,
मधल्या गोलापाशी आला की डावीकडं वळायचा,
नसलेल्या खड्ड्याला वळसा घालायचा.
त्यांच्या कोचनं पाच मिनिटांत ओळखलं,
तो वळेल तिथं एक माणूस उभा केला.
"सरळ जा बे, सरळ!" सर ओरडत होते.
मी लिहीत होतो.

चार मिनिटं उरली आणि दारोकरचा पाय मुरगळला.
सरांनी माझ्याकडं पाहिलं, मग बाकाकडं.
बाकावर मीच होतो.
वही कुणाला द्यावी कळेना,
त्यांच्याच एका राखीव पोराला दिली.
दोनदा बॉलला हात लागला माझा.
दुसऱ्यांदा तो हातातून सुटला, शिट्टी झाली,
आणि मग तो आत गेला,
खऱ्या जाळीचा आवाज करत.
आमच्या गोणीला तो आवाज येत नाही.
वहीत तो नाही. त्या पोरानं बरोबरच लिहिलं होतं,
अक्षरही माझ्याहून बरं.

परतताना एसटीत लखनचा फोन.
पाच मिनिटं दहा सेकंद, म्हणाला. निघतंय बहुतेक.
"अन् तुमचं? कितीनं?"
"एकोणीसनं."
"मंग मी असतो तरी..."
"हाव ना," मी म्हटलं.
लखनची सरासरी एकवीस.
वही माझ्या मांडीवर होती.

आता जानेवारी. कोर्टावर कुणाची तरी तूर पसरली आहे,
चुन्याच्या रेषा तिच्याखाली.
संध्याकाळी बाया खराट्यानं ओढत नेतात
आणि डाव्या रिंगखाली पसाभर दाणे मागं राहतात.
त्या बसून हातानं वेचतात.
मग मधल्या गोलाच्या कडेला.
मग तिसऱ्या जागेपाशी, बिनचूक.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.