पोपटी, मग लिंबू

मी रंगखात्यातला माणूस.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अठरा वर्षं
सूत उकळत्या हौदात बुडवून काढतोय.
मालक नंबर सांगतो, मी डोळ्यानं ओळखतो
चादरीचा लाल कुठला,
टॉवेलचा निळा किती धुण्यांत उतरेल.

आता काचेपलीकडं
माझ्या मुलीच्या नाकातून एक नळी,
नळीच्या टोकाला पिशवी,
पिशवीत हिरवं.
आतडं जन्मतःच तुटलेलं, डॉक्टरांनी सांधलं.
सांधा धरला की नाही ते रंग सांगेल,
एवढंच बोलले आणि गेले.

पहिल्या दिवशी शेवाळी,
सिद्धेश्वराच्या तळ्याला मे महिन्यात कडेनं धरतं तसं.
दुसऱ्या दिवशी तेच.
तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, पोपटी झालंय.
पद्मजा म्हणाली, आतली ट्यूबलाइट बदललीय.
बदलली होती.

नाव नाही ठेवलेलं अजून.
पायाला चिकटपट्टी: "बेबी ऑफ पद्मजा येमूल".
पाय माझ्या अंगठ्याएवढा,
पट्टी दोनदा गुंडाळून सैलच.
दर दोन तासांनी पद्मजा दूध काढते,
बेसिनमध्ये ओतते,
नळ सोडते, बंद करते.
"सवय मोडायला नको," म्हणते.
कुणाची, ते नाही म्हणत.

आई विडीवाली. रोजच्या हजार.
इथं तंबाखू आणता येत नाही
आणि बोटं काही गप्प बसत नाहीत.
औषधांच्या बिलांचे तुकडे करून
वळते, टोक दुमडते, पदरात टाकते.
पंचवीस झाल्या की दोऱ्यानं कट्टा बांधते.
विचारलं, मोजतेस कशाला?
हजार होईतो पोर घरी येईल,
असं तेलुगूत म्हणाली
आणि लगेच मला पाणी आणायला पाठवलं.

शेजारच्या सतरंजीवर वळसंगची नीलव्वा.
नातू आमच्या मुलीच्या पलीकडच्या पेटीत.
कडक भाकरी गुडघ्यावर मोडायची,
वर शेंगाचटणी, अर्धी आमच्यापुढं.
जेवलात का, हे कधी विचारलं नाही.
चौथ्या रात्री ती नव्हती. सतरंजी होती.
सकाळी जावई आला,
सतरंजी झटकली, घडी केली,
चटणीचा डबा राहू द्या म्हणाला.
डबा आमच्या पिशवीत आहे.
उघडला नाही.

पाचव्या दिवशी रंग फिकटला. मी बोललो नाही.
ओलं सूत फसवतं.
वाळल्याशिवाय तोंड उघडू नये.

सहाव्या दिवशी, पहाटे साडेतीनला,
दार ढकलून सिस्टर ओरडली,
"बेबी ऑफ पद्मजा! कोण आहे?"
आईच्या पदरातल्या विड्या सांडल्या.
पद्मजा टाक्यांवर हात दाबत उठली.
मी उठलोच नाही. मला पाय नव्हते.

"शी केली," सिस्टर म्हणाली.
"अहो, शी केली तुमच्या मुलीनं."

आई हसायला लागली, मग रडायला, मग पुन्हा हसायला.
भिंतीकडच्या कुणी विचारलं काय झालं,
कुणी सांगितलं,
आणि आठ-दहा अनोळखी माणसं
त्या अवेळी एका शीच्या बातमीवर हसत सुटली.
वॉचमननं गप्प करायला तोंड उघडलं
आणि तोही.

मला आत नेऊन दाखवलं.
एवढासा लंगोट, त्यावर डाग.
काळपट, हिरवट, मधूनच पिवळ्याची एक रेघ.
अठरा वर्षांत असला रंग मी हौदात केला नाही.
त्याला नंबर नाही.

पिशवीतलं आता लिंबासारखं.
ट्यूबलाइट तीच आहे, मी आधी पाहून घेतलं.
आज दोन मिली दूध, नळीतून.
पद्मजा बेसिनकडं पाठ करून उभी होती.
पचलं तर उद्या पाच.
पचलं तर.

आई बाकाखाली वाकून विड्या वेचतेय.
सहाशे चाळीस, म्हणते.
बिलं संपली,
आणखी कागद आण.